जुन्या फेंडर चॅम्पमधला हम: आधी निदान, मग कपॅसिटर

कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे फेंडर कंपनीने १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात बनवलेला ५एफ१ सर्किटचा चॅम्प, म्हणजे गिटारचा एक अ‍ॅम्प्लिफायर, हा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरची दुरुस्ती शिकण्यासाठी अतिशय योग्य आहे. त्यात तीनच व्हॉल्व्ह (काचेच्या निर्वात नळ्या) असतात: सुरुवातीचा सिग्नल वाढवणारा १२एएक्स७, स्पीकरला शक्ती देणारा ६व्ही६जीटी आणि रेक्टिफायरचा, म्हणजे एसीचा डीसी करणारा, ५वाय३जीटी. असा अ‍ॅम्प्लिफायर घुमू लागला, म्हणजे सतत हम देऊ लागला, की त्यातले सगळे कपॅसिटर एकदम बदलून टाकण्याची पद्धत मला मान्य नाही. वयोमानाने हमखास निकामी होतात ते इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, कारण त्यांच्यातील द्रव हळूहळू सुकत जातो. बाकीच्यांपैकी ज्याचा दोष मोजून सिद्ध होईल तेवढाच बदलावा, म्हणजे त्या यंत्राचा मूळ आवाज टिकतो.

चासीला (भाग बसवलेल्या धातूच्या सांगाड्याला) हात लावण्यापूर्वी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. या सर्किटमध्ये सुमारे ३४० व्होल्ट डीसी असतो आणि प्लग काढल्यानंतरही तो फिल्टर कपॅसिटरमध्ये (डीसीतील चढउतार गुळगुळीत करणाऱ्या कपॅसिटरमध्ये) साठून राहू शकतो. हा झटका जीवघेणा ठरू शकतो. प्लग काढून, १० किलोओहम ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेशन असलेल्या क्लिपांनी प्रत्येक फिल्टर कपॅसिटरच्या धन टोकापासून चासीपर्यंत काही सेकंद जोडावा आणि मल्टिमीटरने शून्याची खात्री करावी. काही मिनिटांनी पुन्हा मोजावे, कारण इलेक्ट्रोलिटिकमध्ये थोडे व्होल्टेज आपोआप परत येते. अ‍ॅम्प्लिफायर चालू असताना मोजायचे झाल्यास काळी क्लिप आधीच चासीला लावून एकाच हाताने काम करावे आणि स्पीकर कधीही सुटा ठेवू नये. मेन्सची मूळची दोन तारांची वायर काढून तीन तारांची बसवावी, अर्थिंगची तार स्वतंत्र बोल्टने चासीला घट्ट करावी आणि मेन्सपासून चासीकडे जाणारा कपॅसिटर आढळल्यास तो काढून टाकावा. तो शॉर्ट झाला तर थेट गिटारच्या तारांमध्ये करंट येतो.

निदानाची सुरुवात कानाने करावी. आपल्याकडे मेन्स ५० हर्ट्झचा आहे, म्हणून रेक्टिफायरनंतरचा हम १०० हर्ट्झचा असतो, तर हीटर (व्हॉल्व्ह तापवणारी तार) किंवा अर्थिंगमधून येणारा हम मुख्यतः ५० हर्ट्झचा असतो. सुरात लावलेल्या गिटारच्या जाड ई तारेवर तिसऱ्या पडद्यावरचा (फ्रेटवरचा) जी ९८ हर्ट्झचा असतो. हम त्याच्याशी जवळपास जुळत असेल तर संशय फिल्टरवर घ्यावा; त्याच्या खालच्या सप्तकातला आणि अधिक मऊ असेल तर हीटरकडे वळावे. अमेरिकेत मेन्स ६० हर्ट्झचा असल्याने तिथल्या वाचकांना हाच फिल्टरचा हम १२० हर्ट्झवर, म्हणजे त्याच तारेच्या सहाव्या आणि सातव्या पडद्यांच्या मध्ये ऐकू येईल.

त्यानंतर गिटारची केबल काढून व्हॉल्यूम फिरवावा. चॅम्पमध्ये व्हॉल्यूम १२एएक्स७ च्या दोन भागांच्या मध्ये असतो. हम त्याच्यासोबत वाढत असेल तर दोष पहिल्या भागात किंवा इनपुट जॅकमध्ये आहे, कारण रिकामा जॅक इनपुट चासीला जोडतो आणि त्याचा संपर्क गंजला की ही जोडणी सुटते. हम बदलत नसेल तर अ‍ॅम्प्लिफायर बंद करून १२एएक्स७ काढावा आणि पुन्हा चालू करावा. तरीही हम राहिला तर दोष पहिल्या दोन फिल्टरांत किंवा ६व्ही६ मध्ये शोधावा. ६व्ही६ मात्र काढून चालवू नये, कारण भार कमी होताच व्होल्टेज वाढून कपॅसिटरवर ताण येतो.

या सर्किटमध्ये १६, ८ आणि ८ मायक्रोफॅरडचे तीन फिल्टर ४५० व्होल्टचे असतात, आणि त्यांच्यामध्ये १० व २२ किलोओहमचे रेझिस्टर असतात. मल्टिमीटर एसीवर ठेवून मोजले तर पहिल्या कपॅसिटरवर काही व्होल्ट रिपल (डीसीवर उरलेला चढउतार) दिसणे स्वाभाविक आहे. दुसऱ्यावर तो सुमारे पन्नासाव्या भागावर यायला हवा आणि तिसऱ्यावर तो जवळजवळ नाहीसा व्हायला हवा. जिथे ही घट होत नाही, तिथला कपॅसिटर गेला आहे. तिघांचे वय सारखेच असल्यामुळे तिन्ही एकदमच बदलावेत, आणि ६व्ही६ च्या कॅथोडवरचा (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या टोकावरचा) २५ मायक्रोफॅरडचाही त्यांच्यासोबत बदलावा. पहिल्या जागी १६ ते २२ मायक्रोफॅरड, ५०० व्होल्टचा घ्यावा. हम कमी होईल म्हणून याहून खूप मोठा बसवला तर चालू करताना ५वाय३ वर झेपणार नाही एवढा करंट येतो. जुना भाग काढण्यापूर्वी फोटो घ्यावा, धन-ऋण टोके तपासावीत आणि सोल्डर चकचकीत वितळेपर्यंतच उष्णता द्यावी.

कपलिंगचे, म्हणजे एका भागातून पुढच्या भागात फक्त सिग्नल जाऊ देणारे, पिवळे अ‍ॅस्ट्रॉन कपॅसिटर गळतात, पण सगळेच नाही. ६व्ही६ च्या ५ क्रमांकाच्या, म्हणजे सिग्नल आत येणाऱ्या, पिनवर डीसी व्होल्टेज मोजावे. ते जवळपास शून्य असायला हवे. धन व्होल्टेज दिसले तर अ‍ॅम्प्लिफायर बंद करून, डिस्चार्ज करून, कपॅसिटरचे त्या बाजूचे टोक सोडवावे आणि पुन्हा मोजावे. व्होल्टेज गेले तर कपॅसिटर दोषी, नाहीतर व्हॉल्व्ह.

हीटरच्या हमसाठी ६.३ व्होल्टच्या दोन्ही तारा घट्ट पिळून चासीच्या कोपऱ्यातून न्याव्यात. ५एफ१ मध्ये हीटरचे एक टोक थेट चासीला जोडलेले असते. ते सोडवून दोन्ही टोकांपासून चासीला १०० ओहमचा एकेक रेझिस्टर लावल्यास हम लक्षणीय कमी होतो. तरीही पूर्ण शांततेची अपेक्षा ठेवू नये, कारण दोन व्हॉल्व्ह आळीपाळीने चालणाऱ्या पुश-पुल रचनेत आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या दोन अर्ध्यांत रिपल एकमेकांना रद्द करतो, तर चॅम्पच्या एकट्या ६व्ही६ ला ती सोय नाही.

भारतात हा अ‍ॅम्प्लिफायर स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरवर चालवताना तो ११० व्होल्टपेक्षा जास्त देणार नाही असा निवडावा, कारण ६० हर्ट्झसाठी बांधलेल्या ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यावर त्याच व्होल्टेजला ५० हर्ट्झवर सुमारे २० टक्के अधिक चुंबकीय भार पडतो आणि तो तापतो. पहिल्यांदा चालू करताना सिरीज बोर्डवर (दिव्यातूनच वीज पुढे जाईल अशा बोर्डवर) ६० वॅटचा तारेचा दिवा लावावा. तो प्रखर जळत राहिला तर लगेच बंद करून शॉर्ट शोधावा. सगळे ठीक असल्यास दिवा काढून ६व्ही६ च्या कॅथोडवर मोजावे: ४७० ओहमवर २० व्होल्टच्या आसपास, म्हणजे ४२ मिलीअँपिअर दिसले तर व्हॉल्व्ह नेहमीच्या करंटवर चालला आहे.