भारीतली वाईन आवडली नाही तर काय करायचं

मागच्या डिसेंबरात नागपुरात लक्ष्मीनगरला एका मित्राकडे जेवायला होतो, त्याच्या भाऊजींनी पुण्याहून रेड वाईन आणली होती, कॅबर्ने सॉव्हिन्यॉन, चांगली साडेतीन हजाराची, सगळे एकेक घोट घेऊन वा वा करून राहिले होते आणि मी आपला कच्ची सुपारी चावल्यासारखं तोंड करून बसलो होतो. कशी आहे विचारल्यावर म्हटलं मस्त. रात्री मित्र खाली गाडीपर्यंत सोडायला आला आणि हळूच म्हणे, खरं सांग बे, तुले आवडली का? मले तर नाही आवडली.

म्हणजे खोटं बोलणारे किमान दोघं होते. तेव्हापासून मी जे करतो ते सांगून राहिलो, वाईनचा कोर्स वगैरे केलेला नाही.

आधी बाटलीवर शंका घ्यायची, स्वतःच्या जिभेवर नंतर. रेड वाईन रूम टेम्परेचरला प्यायची हे वाक्य आपल्याकडे जसंच्या तसं आलं, पण ते युरोपातल्या थंड घरांचं टेम्परेचर, १६ ते १८ डिग्री, आपल्या इथे मे महिन्यात कूलर चालू असतानाही खोली ३२-३३ वर असते. एवढ्या गरम वाईनमध्ये अल्कोहोल नाकात चढतं आणि बाकी काही कळतच नाही. त्यामुळे रेडपण तास-दीड तास फ्रिजमध्ये ठेवा, व्हाईट दोन-तीन तास. आणि बाटली नागपूरच्या उन्हात आधीच शिजलेली नाही ना ते पहा, बूच वर आलेलं असेल, मानेपाशी चिकट ओघळ असेल तर समजा गरम झाली होती. एका दुकानात मी स्वतः पाहिलं, बाटल्या शोकेसमध्ये, पश्चिमेचं ऊन थेट त्यांच्यावर. तिथून वाईन घेणं बंद केलं. बूचवाल्या बाटलीला ओल्या पुठ्ठ्याचा वास आला, मार्चमध्ये पहिल्यांदा कूलर लावल्यावर जुन्या ताट्यांचा येतो ना साधारण तसला, तर ती बुचामुळे बिघडलेली बाटली आहे, तिथे आवडीनिवडीचा प्रश्नच नाही.

बाटली ठीक असूनही नाही आवडली तर मग नेमकं काय नाही आवडलं ते शोधायचं, आणि इथे बहुतेक जण चुकतात कारण सगळ्याला 'कडू' म्हणून टाकतात. मराठीत आपल्याकडे तुरट हा शब्द आहे, तो वापरा. कडू म्हणजे कारलं, तुरट म्हणजे आवळा, कच्चं केळं. वाईनमधला तुरटपणा द्राक्षाच्या सालीतून, बियांतून आणि थोडा लाकडी पिंपातून येतो, त्याला टॅनिन म्हणतात, ते लाळेतल्या प्रोटीनला धरून ठेवतं म्हणून जीभ कोरडी खरखरीत होते.

घरी करून पाहायचं तर चहापत्ती घ्या. साखर-दूध न घालता दहा मिनिटं उकळा, गाळा, गार करा, चार कपांत ओता. पहिला तसाच, दुसऱ्यात लिंबू, तिसऱ्यात साखर, चौथ्यात दोन्ही. पहिल्या कपाने तोंड वाकडं झालं तर तुमचं भांडण टॅनिनशी आहे, दुसऱ्याने झालं तर आंबटपणाशी, आणि चौथा सगळ्यात बरा वाटला (मला वाटला) तर तुम्हाला किंचित गोड वाईन लागते, त्यात लाजायचं काही नाही. हे केल्यावर मला कळलं की माझं आंबटाशी छान जमतं, फक्त तुरट नको.

आणि जिभा खरंच वेगळ्या असतात, नखरे नाहीत हे. १९३१ मध्ये अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीच्या लॅबमध्ये आर्थर फॉक्सच्या हातून पीटीसी नावाची पावडर हवेत उडाली, सहकाऱ्याला ती भयंकर कडू लागली आणि फॉक्सला काहीच लागलं नाही, पुढे समजलं की हा फरक जन्मतःच असतो. आणि तज्ज्ञांची जीभ तर स्वतःशीच जुळत नाही. रॉबर्ट हॉजसन नावाच्या वाईनवाल्या प्राध्यापकाने कॅलिफोर्नियातल्या स्पर्धेत परीक्षकांना एकाच बाटलीतली वाईन न सांगता तीनदा दिली, २००८ मध्ये त्याने निकाल छापला, तिन्ही वेळा साधारण सारखे मार्क देणारे परीक्षक दहातला जेमतेम एक. मग भाऊजींच्या 'वा'ला किती मार्क द्यायचे ते तुम्हीच ठरवा.

आता खरी मजा. चार-पाच जण जमवा, प्रत्येकाने एक बाटली आणायची, वर्तमानपत्रात गुंडाळून रबर लावायचा आणि स्केचपेनने नंबर टाकायचा. ७५० मिलीच्या बाटलीतून ५० मिलीचे पंधरा घोट-ग्लास निघतात, म्हणजे भरपूर. मार्क द्यायला लावू नका, लोक लगेच परीक्षक होतात. एवढंच विचारा, यातला दुसरा ग्लास घेणार का? कागद नंतर फाडायचा. आमच्याकडे सगळ्यात जास्त दुसरे ग्लास गेले ते नाशिकच्या साध्या शेनिन ब्लांक नावाच्या व्हाईटचे, सगळ्यात स्वस्त बाटली होती ती, आणि भाऊजींनीही तोच मागितला.

सोबत काय खाताय त्यानेपण चित्र बदलतं. सावजीच्या झणझणीत रश्श्यावर तुरट रेड घेतली तर तिखट आणखी पेटतं, तिथे थंड, थोडी गोडसर व्हाईट किंवा रोझे, म्हणजे गुलाबी वाईन, बरी. सांबारवडीबरोबर (आपल्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर) सॉव्हिन्यॉन ब्लांक ही व्हाईट घेऊन पहा, तिच्यात आधीच हिरव्या गवतासारखा वास असतो, तो कोथिंबिरीशी असा जुळतो की काय सांगू. आणि जी रेड नुसती प्यायला नको वाटते ती कमी तिखट मटण सुक्क्यासोबत किंवा चीजसोबत एकदा घेऊन पहा, मांसातलं प्रोटीन टॅनिनला गुंतवून ठेवतं आणि तीच वाईन मऊ लागते. तरी नाही आवडली तर नाही आवडली, विषय संपला.

दुकानात 'चांगली दाखवा' म्हणू नका, महागडीच पुढे येईल. 'तुरट कमी, लाकडाचा वास नको' असं सांगा. लेबलवर रिझर्व असेल तर बहुतेक वेळा ती ओकच्या पिंपात ठेवलेली असते. यजमानाला काय सांगायचं? मी आता म्हणतो, भाऊजी, मला जरा तुरट लागते, अर्धाच द्या. कोणी रागावत नाही, उलट बाटली पुरते. वर्ध्याच्या नातेवाइकांकडे मात्र बाटली घेऊन जायचंच नाही, तिथे जिल्ह्यात दारूबंदी आहे.

उरलेली न आवडलेली रेड फेकू नका. बूच लावून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकते. थंडीत आंबिया बहाराची संत्री आली की दोन संत्र्यांचा रस, एकाच्या फोडी, चमचाभर साखर, दालचिनीचा तुकडा, आणि वाईन ओतून रात्रभर ठेवायचं. फोडींवरचे पांढरे धागे नीट काढा आणि बियापण, नाहीतर सकाळपर्यंत ते उतरतात आणि ती परत कडू होते, यावेळी खरोखरची कडू.