गोव्यात बीबीए घेताय? आधी एक वही घ्या

बारावीचा निकाल लागला की आमच्या डिचोलीत दरवर्षी कोणीतरी मेसेज करतंच, "दादा, बीकॉम घेऊ की बीबीए?" आणि मग पाठोपाठ आईचा फोन, "बीबीएला अकाउंट्स कमी असतात म्हणे, सोपं जाईल ना रे त्याला?" म्हणून एकदाच सगळ्यांसाठी लिहून टाकतो. बीबीए म्हणजे बिझनेस मॅनेजमेंटची डिग्री. अकाउंट्स चुकवायला म्हणून बीबीए घेणार असाल तर नका घेऊ. पहिल्याच वर्षी फायनान्शियल अकाउंटिंग समोर येऊन बसतं, पुढे कॉस्टिंग, स्टॅटिस्टिक्स, फायनान्शियल मॅनेजमेंट, आणि सायन्स-आर्ट्सवरून आलेल्यांची तिथे पार दांडी उडते. सायन्सवाले असाल तर मे-जूनमध्ये कॉमर्सच्या मित्राचं अकरावीचं पुस्तक आणा आणि जर्नल (रोजच्या नोंदी), लेजर (खातेवही), ट्रायल बॅलन्स (दोन्ही बाजू जुळतात का तो ताळा) एवढंच रोज तासभर हाताने करा. व्हिडिओ बघून कळल्यासारखं वाटतं पण ट्रायल बॅलन्स टॅली होत नाही, तो हातानेच जुळवावा लागतो.

ॲडमिशनच्या वेळी बघायच्या गोष्टी थोड्याच आहेत. 2024-25 पासून बीबीए, बीसीए, बीएमएस हे कोर्स एआयसीटीईच्या, म्हणजे तांत्रिक शिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या, कक्षेत आलेत, त्यामुळे कॉलेजला ते अप्रूव्हल आहे का हे ऑफिसात सरळ विचारायचं, लाजायचं नाही. नव्या शैक्षणिक धोरणात तीन वर्षांची डिग्री 120 क्रेडिटची, चार वर्षांची ऑनर्स 160 ची, आणि रिसर्चवालं ऑनर्स पाहिजे तर पहिल्या सहा सेमला 75 टक्के लागतात. चौथं वर्ष करायचं की नाही हे बारावीतच ठरवायची काही गरज नाही. अजून एक घोळ बऱ्याच घरात होतो, "साखळीच्या जीआयएमला बारावीनंतर घालूया". अहो, ती गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट, 1993 ची संस्था, आधी रायबंदरला होती, आणि तिचं नाव आहे ते पीजीडीएमसाठी, म्हणजे डिग्रीनंतरचं.

आता मुद्द्याचं. शंभर पानी वही घ्या आणि पहिल्या आठवड्यापासून आजूबाजूच्या धंद्यांचे हिशोब त्यात लिहायला लागा. मला हे खूप उशिरा कळलं, दुसऱ्या वर्षी ब्रेक-इव्हनचा (ना नफा ना तोटा कधी होतो त्याचा) फॉर्म्युला पाठ होता आणि इंटर्नलला साधं गणित फिरवून विचारलं तर मी कोरा पेपर बघत बसलो. त्या संध्याकाळी रस ऑम्लेट, म्हणजे शागुतीच्या रश्श्यातलं ऑम्लेट, खायला नेहमीच्या गाड्यावर गेलो आणि काकांनाच विचारलं, प्लेटीला खर्च किती येतो हो? ते आधी हसले, मग गिऱ्हाईक कमी होतं म्हणून सांगत गेले. तुमच्या गाड्यावरचे भाव वेगळे असतील, माझ्या वहीत त्या दिवशी लिहिलं ते असं: प्लेट 70 रुपये, दोन अंडी 14, दोन पाव 10, शागुतीचा रस 12, कांदा-तेल-कोथिंबीर 4, झाले 40. म्हणजे एका प्लेटीमागे 30 हातात. यालाच पुस्तकात कॉन्ट्रिब्युशन म्हणतात. रोजचा ठरलेला खर्च, मदतीला येणाऱ्या पोराचे 500 आणि गॅस, जागा वगैरे धरून 250, असे 750. 750 ला 30 ने भागा, 25 प्लेटी. हाच ब्रेक-इव्हन, पंचविसाव्या प्लेटीपर्यंत काका फक्त खर्च भरून काढतायत. पावसात अठराच प्लेटी गेल्या तर सात गुणिले तीस, 210 रुपये खिशातून.

मग मी शहाणपणा करून विचारलं, "आणि काका, तुमचा पगार?" ते म्हणाले, "माझा कसला पगार, उरतो तो माझा." इथे खरी गंमत आहे. काका दुसरीकडे कामाला गेले असते तर दिवसाला 900 मिळाले असते असं धरा, तर ठरलेला खर्च 1650 होतो आणि प्लेटी लागतात 55. पुस्तकातली ऑपॉर्च्युनिटी कॉस्ट हीच, आणि ती मला रश्श्यात पाव बुडवताना कळली. (गॅस खरं तर अर्धा ठरलेल्या खर्चात, अर्धा प्लेटीप्रमाणे बदलणारा. मी तो सरळ 250 मध्ये घातला, तुम्ही वेगळा करा.)

दुसरं पान आमच्या भागातल्या प्रत्येक घरात लिहिलेलंच आहे, फक्त विचारायला हवं. डिचोली, सत्तरी, सांगेकडे कितीतरी जणांनी कर्ज काढून खाणीवर चालवायला ट्रक घेतले. 2012 मध्ये खाणी बंद पडल्या, नंतर मर्यादा घालून चालू झाल्या, आणि 2018 च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टाने 88 लीज रद्द केल्यावर मार्चपासून परत थांबल्या. ट्रक दारात उभा, हप्ता चालू. एकाच गिऱ्हाइकावर अख्खा धंदा, वर कर्ज, ठरलेला खर्च मोठा आणि ट्रक दुसऱ्या कशाला फारसा उपयोगी नाही, हे सगळं रिस्कच्या चॅप्टरमध्ये चार वेगवेगळ्या हेडिंगखाली येतं, इथे एकाच अंगणात दिसतं. ज्यांच्याकडे ट्रक होता त्या काकांना विचाराल तेव्हा मात्र जपून विचारा, आधी चहा होऊ द्या.

थिअरीचं टेन्शन घेऊ नका. टेलर 1911, फेयॉल 1916 आणि त्याची चौदा तत्त्वं, मॅस्लो 1943, हे मॅनेजमेंटच्या पुस्तकातले जुने विचारवंत पाठ करावेच लागतात, मार्क त्यावर असतात. पण प्रत्येकासमोर गावातलं एक उदाहरण लिहा. युनिटी ऑफ कमांड, म्हणजे ऑर्डर देणारा एकच, कशाला पाहिजे हे कळायला गणेशचवथीच्या कमिटीत जा, तीन काका तीन ऑर्डरी देतात आणि मंडपाचा खांब चौथ्याच ठिकाणी उभा राहतो. पेपर इंग्लिशमध्ये लिहायचा असतो हे खरं, प्राथमिक मराठीत झालेल्यांना त्याचीच धास्ती असते, मलाही होती. मी आधी डेप्रिसिएशन (वापरून वस्तूची किंमत दरवर्षी घटते ते) आईला मराठीत समजावून सांगायचो, घरच्या मिक्सरवरून, तिला पटलं की मग इंग्लिशमध्ये उत्तर लिहायला घ्यायचो. लॉच्या पेपरात कॉन्ट्रॅक्ट ॲक्ट 1872 चा, तो सगळ्या देशाला एकच, पण गोव्यात पोर्तुगीज सिव्हिल कोडमुळे नवरा-बायकोची मालमत्ता साधारण सामायिक असते आणि इन्कम टॅक्सलाही पगार सोडून बाकी उत्पन्न दोघांत अर्धं-अर्धं धरतात, त्यामुळे घरच्या धंद्याचा हिशोब लिहिताना हे विसरू नका.

इंटर्नशिप. मी केली किनाऱ्याकडच्या एका हॉटेलात, ऐन डिसेंबरात, आणि तीन आठवडे फक्त गेस्टच्या आयडीच्या झेरॉक्स काढल्या. त्यांचीही चूक म्हणता येत नाही, सीझनला शिकवायला वेळ कोणाला असतो? हॉटेल पाहिजे तर पावसाळ्यात जा, खोल्या रिकाम्या असतात आणि मॅनेजर बोलायला मोकळा. माझं विचाराल तर त्यापेक्षा वेर्णा नाहीतर कुंडईच्या एखाद्या कारखान्यात स्टोअर किंवा पर्चेसला बसा. पर्चेस ऑर्डर, आलेला माल, आणि सप्लायरचं बिल, तिन्ही कागद जुळले तरच पैसे सुटतात. हे तीन कागद आठवडाभर जुळवलेत की कंपनीत पैसा कुठे अडकतो ते दिसायला लागतं. जायच्या आधी एक्सेलमध्ये व्हीलूकअप आणि पिव्होट टेबल येऊ द्या, टॅलीत एंट्री मारता येऊ द्या, नाहीतर झेरॉक्स ठरलेलीच.

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट इंटरनेटवरून उचलू नका. मी माझ्या वहीतूनच केला, डिचोलीच्या बाजारातले नऊ गाडे, तीन महिन्यांचे आकडे, काही पानांवर तेलाचे डाग. व्हायव्हाला सरांनी ती वही उलटी-सुलटी करून बघितली, ऑम्लेटच्या पानावर थांबले आणि पहिला प्रश्न विचारला तो गॅसचाच.