अननस घरी कापताना या चुका टाळा

अननस कापल्यावर गर थोडा आणि साल जास्त दिसली, तर दोष फळाचा नसतो. सुरी चुकीच्या जागी चाललेली असते. आणि तोंड चरचरतं, दही कडू होतं, जेली सेट होत नाही, यामागे असतं ब्रोमेलेन, म्हणजे न शिजवलेल्या अननसातलं प्रथिनं तोडणारं विकर (एन्झाइम). या दोन गोष्टी सांभाळल्या की बरंचसं काम सोपं होतं.

हिरवा अननस आणून पिकत ठेवणे. आंबा-केळी घरी पिकतात, अननस नाही. झाडावरून उतरल्यावर त्याची गोडी वाढत नाही, कारण साखर व्हायला गरात स्टार्चचा साठाच नसतो. घरी साल पिवळी पडेल, गर मऊ होईल, पण आंबट फळ आंबटच राहील. म्हणून घेतानाच बुडाचा वास घ्या. गोड वास आणि हाताला जड, तर घ्या. दारूसारखा आंबूस वास किंवा बुडाशी ओल असेल, तर सोडा. तुऱ्यातलं पान ओढून बघायची परीक्षा भरवशाची नाही. नुसत्या रंगावरही जाऊ नका. केरळच्या वाझाकुलमकडून येणारा मॉरिशस जातीचा अननस पिकल्यावर सोनेरी होतो, पण मोठा, क्यू जातीचा अननस साल हिरवट असतानाही गोड निघू शकतो.

न धुता कापणे. डोळ्यांच्या खाचांत आणि तुऱ्याच्या बुडाशी माती, मुंग्या, कधी पिठ्या ढेकूणही असतात. सालीवरून फिरलेली सुरी ते सगळं गरात नेते. नळाखाली ब्रशने घासा आणि फळ कोरडं पुसा, ओलं फळ हातातून निसटतं.

साल जाड काढणे. सर्वांत जास्त नासाडी इथेच होते. डोळे एकदाच निघून जावेत म्हणून दीड सेंटिमीटर जाड साल उतरवली जाते. हिशेब करून बघा: ११ सेंटिमीटर व्यासाच्या फळाची एवढी साल काढली, तर प्रत्येक चकतीचा जवळजवळ निम्मा भाग सालीबरोबर जातो. अर्धा सेंटिमीटर काढली, तर साधारण १७ टक्केच.

आधी तुऱ्याखालून एक सेंटिमीटर कापा. तुरा पिरगळून उपटू नका, मधला गर फाटतो. बुडाची चकती पातळच घ्या, कारण अननस बुडाकडून पिकत वर जातो आणि सर्वांत गोड भाग तिथेच असतो. पाटाखाली ओलं फडकं घालून फळ उभं करा. लांब, धारदार सुरीने फळाच्या गोलाईप्रमाणे वरून खाली साल उतरवा. तपकिरी डोळे दिसत राहिले पाहिजेत.

आता डोळे. एकेक डोळा टोकरत बसलात, तर फळभर खड्डे पडतात आणि रस वाहून जातो. नीट पाहा: डोळे तिरक्या रांगांत बसलेले असतात. कमी उताराच्या दिशेला साधारण ८ रांगा मिळतात, उलट दिशेला १३. आठवाली दिशा निवडा. रांगेच्या एका बाजूने सुरी तिरकी आत घाला, मग दुसऱ्या बाजूने, म्हणजे इंग्रजी व्हीच्या आकाराची डोळ्यांची पट्टी अखंड सुटून येते. मॉरिशस आणि क्वीन जातींचे डोळे खोल असतात, तिथे चर एक सेंटिमीटरपर्यंत जातो. क्यूचे डोळे उथळ असतात, अर्धा पुरतो. गाडीवरच्या अननसाला जी सुंदर नागमोड दिसते, ती हीच.

फिरवून गाभा काढणारं यंत्र वापरत असाल, तर त्याचा व्यास ठरलेला असतो, हे लक्षात ठेवा. मोठ्या क्यूमध्ये सालीला भरपूर गर चिकटून राहतो, तर छोट्या क्वीनमध्ये डोळे चकतीतच येतात.

मधला दांडा फेकणे. फळाचे उभे चार भाग करून दांडा वेगळा काढा आणि किसून ठेवा. मटणाला लावलात तर ते मऊ होतं, पण २०-३० मिनिटंच. रात्रभर ठेवलंत, तर वरचा थर पिठासारखा होतो.

चरचर कमी करायला साखर लावणे. उपयोग होत नाही. एक लिटर पाण्यात एक चमचा मीठ विरघळवून फोडी १० मिनिटं बुडवा. जास्त ठेवल्या, तर गोडीही पाण्यात उतरते.

कच्च्या फोडी दह्यादुधात घालणे. रायतं तासाभरात कडवट होतं, जिलेटिनची जेली पातळच राहते. वाटीभर फोडी दोन चमचे साखरेत ५-७ मिनिटं उकळा, गार करा, मग वापरा. चायना ग्रास (अगर-अगर) जिलेटिनसारखं प्रथिन नसल्यामुळे कच्च्या अननसातही जमतं. शिऱ्यात मात्र एक फसगत होते. उकळल्याने ब्रोमेलेन निकामी होतं, आंबटपणा जात नाही, त्यामुळे गरम दूध तरीही फाटू शकतं. पायनॅपल शिऱ्याला रवा पाण्यातच शिजवा.

लोखंडी विळी टाळा, आम्लामुळे पातं काळं पडतं आणि फोडींना लोखंडी चव येते. कापलेल्या फोडी झाकणाच्या काचेच्या डब्यात, फ्रिजमध्ये तीन-चार दिवस राहतात. जास्त टिकवायच्या, तर ताटात सुट्ट्या पसरून आधी गोठवा आणि मगच पिशवीत भरा, नाहीतर सगळ्यांचा एकच गोळा होतो.