राउटिंगच्या परीक्षेसाठी पुस्तक घेताय? आधी हे बघा

इंदुरात नेटवर्किंग, त्यातही राउटिंग (डेटाला एका नेटवर्कमधून दुसऱ्यात वाट दाखवण्याचे तंत्र), शिकणाऱ्याला साहित्याचा तुटवडा मुळीच नाही. भंवरकुआंच्या क्लासेसच्या नोट्स आहेत, खजुरी बाजारात जुनी पुस्तके आहेत, यूट्यूबवर हिंदीतल्या लांबलचक मालिका आहेत, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या पीडीएफना तर तोटाच नाही. गोळा सगळे होते, पूर्ण काहीच होत नाही. म्हणून निवडताना कसोटी एकच ठेवा: परीक्षेचा अधिकृत अभ्यासक्रम.

१. परीक्षेचा क्रमांक नक्की करा

सिस्को या नेटवर्क उपकरणांच्या कंपनीच्या परीक्षा अनेक, म्हणून 'मी सिस्को करतोय' एवढ्याने भागत नाही. नवख्यासाठी सीसीएनए, क्रमांक २००-३०१. त्यापुढे राउटिंगमध्येच खोल शिरायचे असेल तर सीसीएनपी एंटरप्राइझ. तिथे ३५०-४०१ हा एनकोरचा पेपर सगळ्यांना सक्तीचा. राउटिंगवाले जोडीला ३००-४१०, म्हणजे एनार्सी, घेतात. ज्युनिपरची उपकरणे वापरणाऱ्या कंपनीत जायचे असेल तर जेएनसीआयए-जुनोस ही ज्युनिपरची परीक्षा बघा, पण मग कमांडही वेगळ्या आणि पुस्तकही वेगळे.

क्रमांक ठरला की त्या परीक्षेच्या विषयांची यादी सिस्कोच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून छापून घ्या. तिच्यात प्रत्येक भागाचे वजन दिलेले असते. सीसीएनएत राउटिंगचा भाग २५ टक्के आहे आणि ऑटोमेशनचा १०. हा कागद सोबत घेतल्याशिवाय दुकानात पाऊल टाकू नका.

२. जुने पुस्तक घ्यावे का?

खजुरी बाजारात स्वस्तात मिळते म्हणून मोह होतोच. मुखपृष्ठावर २००-१२५ किंवा ३००-१०१ दिसले तर ते पुस्तक २०२० च्या फेब्रुवारीत बंद झालेल्या परीक्षेचे आहे. पण नुसत्या क्रमांकावर विसंबू नका. २००-३०१ चा अभ्यासक्रमही ऑगस्ट २०२४ मध्ये १.१ आवृत्तीचा झाला, क्रमांक मात्र तोच राहिला. त्यामुळे छपाईचे वर्ष बघा, आणि अनुक्रमणिकेत मशीन लर्निंगचा उल्लेख आहे का तेही बघा.

आणखी एक खूण सांगतो. सीसीएनएच्या पुस्तकात आरआयपी आणि ईआयजीआरपी या राउटिंगच्या पद्धतींवर लांबच लांब प्रकरणे असतील आणि वायरलेस किंवा रेस्ट एपीआयचा (प्रोग्रॅममधून उपकरणांशी बोलण्याच्या सोयीचा) पत्ता नसेल, तर ते जुने समजा. ईआयजीआरपी आता सीसीएनएत नाही. एनार्सीत आहे, तिथे ते लागेलच.

तरी जुने सगळेच टाकाऊ नसते. सबनेटिंगचे (एका नेटवर्कचे लहान भाग पाडण्याचे) गणित बदललेले नाही. ओएसपीएफ या राउटिंग पद्धतीची दुसरी आवृत्ती आरएफसी २३२८ या ज्या मानक दस्तऐवजात मांडली आहे, तो १९९८ चा आहे आणि आजही आधार तोच. दादाचे किंवा शेजारच्या ताईचे पुस्तक घरात पडले असेल तर सरावाला वापरा. मुख्य पुस्तक मात्र नवेच हवे.

३. दोन पुस्तकांतून एक कसे निवडावे

दोन्हींत ओएसपीएफचे प्रकरण उघडा आणि शेजारी राउटर जुळण्याच्या अटी शोधा. चांगले पुस्तक एवढ्यावर थांबत नाही की हॅलो (शेजाऱ्याला ठराविक वेळाने जाणारा संदेश) आणि डेड टायमर (हॅलो आला नाही तर शेजारी गेला असे मानायची मुदत), एरिया (नेटवर्कचा ठरवलेला विभाग) आणि सबनेट मास्क सारखे हवेत. ते 'शो आयपी ओएसपीएफ नेबर'चे खरे आउटपुट छापते, त्यातला प्रत्येक रकाना उलगडून सांगते, आणि जुळणी झाली नाही तर स्क्रीनवर काय दिसेल तेही दाखवते. नुसत्या व्याख्या आणि ठिपके देऊन यादी असेल तर ते पुस्तक परत ठेवा, कितीही स्वस्त असले तरी.

४. व्हिडिओ कोणत्या भाषेतले?

आपल्याकडे घरात मराठी, बाहेर हिंदी आणि पुस्तके इंग्रजी असा तिहेरी कारभार. संकल्पना हिंदीत ऐकून कळत असेल तर खुशाल ऐका, त्यात कमीपणा कसला? पण सीसीएनए इंग्रजीतून द्यावी लागते (दुसरा पर्याय जपानीचा, तो आपल्या काय कामाचा!). त्यामुळे व्हिडिओ बघितल्यावर तोच विषय इंग्रजी पुस्तकातून त्याच दिवशी वाचा. प्रश्नातला एक 'नॉट' नजरेतून सुटला तर चांगले येत असलेले उत्तरही चुकते. मालिका एकच धरा. तीन मास्तरांकडून सबनेटिंग शिकलात तर तीन पद्धतींची खिचडी होईल.

५. लॅबसाठी हात आखडू नका

माझ्या मते तिसऱ्या पुस्तकाचे पैसे लॅबसाठी, म्हणजे नेटवर्क जोडून बघण्याच्या सरावासाठी, राखणे केव्हाही चांगले, आणि बहुतेकांना तेही लागत नाहीत. सीसीएनएला सिस्कोचा पॅकेट ट्रेसर (संगणकावरच नेटवर्क बनवून बघण्याचे सॉफ्टवेअर) पुरतो आणि तो फुकट आहे. एनार्सीला तो अपुरा पडतो, कारण तिथली एमपीएलएस आणि डीएमव्हीपीएन ही तंत्रे त्यात चालत नाहीत. तिथे जीएनएस३, ईव्ह-एनजी किंवा सिस्को मॉडेलिंग लॅब्ज लागते. या शेवटच्याची पाच नोडपुरती (म्हणजे पाच उपकरणांपुरती) मोफत आवृत्तीही आहे. या सगळ्यांना मेमरी भरपूर लागते, म्हणून जुन्या लॅपटॉपचा आधी अंदाज घ्या. जुने राउटर विकत घेऊन घरात घरघर वाढवायची गरज नाही.

लॅबचे साहित्य निवडताना एक बघा: ते मुद्दाम बिघाड करायला लावते का? उदाहरणार्थ, दोन राउटरवर ओएसपीएफ चालू करा. इथरनेटवर हॅलो दर १० सेकंदांनी जातो आणि डेड टायमर ४० चा असतो. आता एका बाजूचा हॅलो ५ करा आणि दुसऱ्या राउटरचा पडदा बघत बसा. डेड टायमर उतरत जाईल, शून्याला टेकेल आणि शेजारी यादीतून नाहीसा होईल. वायर जागेवर, पिंगही (पोच तपासण्याची कमांड) चालू, फक्त शेजार तुटला! हे एकदा डोळ्यांनी पाहिले की टायमरची अट पाठ करावी लागत नाही.

६. सराव प्रश्न सगळ्यात शेवटी

प्रश्नसंच घेताना चुकीचे पर्याय चुकीचे का, हे समजावलेले आहे का ते बघा. नुसती उत्तरसूची काही कामाची नाही. 'हेच प्रश्न येतात' म्हणून विकले जाणारे डंप घेऊ नका. सिस्कोच्या नियमांत ते बसत नाही आणि पकडले गेल्यास प्रमाणपत्र रद्द होऊ शकते. पेपरमध्ये लॅबचे प्रश्नही असतात, तिथे पाठ केलेला 'क' पर्याय कामाला येत नाही.

सीसीएनएची फी ३०० डॉलर, वर कर. म्हणून तारीख घेण्याआधी छापलेली विषययादी काढा आणि प्रत्येक ओळीपुढे पुस्तकाचे पान व लॅबचा क्रमांक लिहा. ज्या ओळीपुढे जागा कोरी राहील, तेवढ्याच विषयाचे साहित्य आणखी शोधा.