मिलिटरी ट्रकचं किट: आधी चेसिस, मग बाकी सगळं
1/35 स्केलमधला (खऱ्या गाडीच्या पस्तिसाव्या हिश्श्याएवढं मॉडेल) जीएमसी सीसीकेडब्ल्यू, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकन अडीच टनी ट्रक, जोडायला घेतलात तर लगेच कॅबच्या मागे लागू नका, आधी चेसिस, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, बघा. तीन ॲक्सल आहेत, फ्रेम जराशी पिळली तरी एखादं चाक हवेतच राहतं, म्हणून ग्लू ओला असतानाच सगळं सपाट काचेवर ठेवून चेक करायचं. प्लॅस्टिकचे टायर खालून सँडपेपरवर किंचित घासा, गाडीला वजन आल्यासारखं वाटतं, माझ्या मते हाच सगळ्यात भारी बदल! ताडपत्रीसाठी टिश्यू पेपर, त्यावर पाणी घातलेला पांढरा ग्लू, आणि सुकायच्या आत टूथपिकने सुरकुत्या पाडायच्या. कॅबच्या आतला रंग मात्र छत चिकटवायच्या आधीच, नंतर ब्रश पोचत नाही.