छोट्या ड्रम मशीनमध्ये आणि बेस सिंथमध्ये काय हवं, आणि तोवर काय करावं

फोंड्यात नाटकाची तालीम असो की पेडण्यात भजन, पिशवीत मावणारी ड्रम मशीन आणि तिच्या जोडीचा बेस सिंथ (खालचे स्वर वाजवणारा सिंथेसायझर) बाहेर काढला की तीन ठिकाणी अडतं. ताल १६ घरांत बसत नाही, बेसचा सा गायकाच्या साला लागत नाही, आणि दोन्ही पेट्या एकत्र सुरू होत नाहीत. यंत्र परकं म्हणून हे होतं असं समजू नका. मुंबईत चरणजित सिंग यांनी १९८२ मध्येच टीआर-८०८ ही ड्रम मशीन आणि टीबी-३०३ हा बेस सिंथ जोडून राग वाजवले होते. पेटीत सुधारणा हव्यात हे खरं, पण त्यातल्या बऱ्याचशा आजच हाताने करून घेता येतात.

ताल

कारखान्यातून येणारा पॅटर्न १६ स्टेपचा, म्हणजे १६ घरांचा असतो. केहरव्याच्या ८ मात्रा त्यात दोन-दोन स्टेप देऊन नीट बसतात. रूपकाच्या ७ मात्रांना १४ स्टेप लागतात, म्हणून शेवटच्या दोन बंद करा. दादऱ्याला १२ ठेवा. कॉर्गच्या व्होल्का बीट्समध्ये या सोयीला ‘ॲक्टिव्ह स्टेप’ म्हणतात, इतर पेट्यांत ‘लास्ट स्टेप’ किंवा पॅटर्नची लांबी म्हणून ती सापडेल.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली लयीची. मशीन चार स्टेपना एक बीट धरते. मात्रेला दोन स्टेप दिल्या असतील आणि मिनिटाला १२० मात्रा हव्या असतील, तर मशीनवर १२० नव्हे, ६० बीपीएम (मिनिटाचे बीट) लावायचा. हिशोब असा: मिनिटाच्या मात्रा गुणिले मात्रेच्या स्टेप, भागिले ४. दुसरी चूक म्हणजे ड्रमला १४ स्टेप करायच्या आणि बेस १६ वरच ठेवायचा. मग दोघांची सम थेट ११२ स्टेपनंतर जुळते, म्हणजे ड्रमची ८ आवर्तनं आणि बेसची ७ झाल्यावर. एखाद्याला मुद्दाम तसं हवं असेल तर उत्तम, पण भजनात गायक दुसऱ्याच आवर्तनात बुचकळ्यात पडेल.

झपताल खरी परीक्षा घेतो. १० मात्रांना २० स्टेप लागतात आणि त्या १६ मध्ये मावत नाहीत. मात्रेला एकच स्टेप दिली तर ताल बसतो, पण मात्रेच्या मधले बोल जातात आणि ठेका कोरडा होतो. त्यापेक्षा २-३-२-३ हे विभाग मधोमध तोडा. पहिल्या पाच मात्रा १० स्टेपच्या एका पॅटर्नमध्ये, उरलेल्या पाच दुसऱ्यात. पेटी पॅटर्न आपोआप साखळीत लावत असेल तर काम झालं. नसेल तर दर पाच मात्रांनी बटण दाबणारा एक माणूस लागतो. आमच्या मते पॅटर्नची साखळी हीच सगळ्यात आधी मागायची सुधारणा आहे. तिच्यापुढे नवे आवाज, नवे इफेक्ट दुय्यम.

स्विंग (मधले ठोके किंचित मागे सरकवायची सोय) नसलेल्या पेटीत झोल आणायचा असेल तर १२ स्टेप ठेवा आणि मात्रेला तीन-तीन स्टेप द्या. पहिली आणि तिसरी वाजवा, मधली रिकामी सोडा. बीपीएम वरच्याच हिशोबाने काढा, फक्त मात्रेच्या दोनऐवजी तीन स्टेप धरा.

बेसचा सूर

गायक काळी एकमध्ये गात असेल तर सा म्हणजे सी शार्प. तो ३४.६ हर्ट्झवर लावला तर मंडपातल्या लहान स्पीकरमधून सूर येतच नाही, नुसता कोन थरथरतो. एक सप्तक वर, ६९.३ हर्ट्झवर घ्या. काळी पाचला, म्हणजे ए शार्पला, ५८.३ हर्ट्झ येतात. त्या पट्ट्यात किकचाही (ड्रम मशीनच्या जाड ठोक्याचाही) जोर असतो, म्हणून तिथे ११६.५ हर्ट्झचा सा जास्त मोकळा ऐकू येतो. हार्मोनियम कधी कधी ए=४४० पासून किंचित ढळलेली असते, तेव्हा सिंथच्या पडद्यावरचा आकडा पाहू नका, कानाने मिळवा. ॲनालॉग ऑसिलेटर (सिंथमधला स्वर निर्माण करणारा भाग) तापला की सरकतो. सिंथ १५ मिनिटं चालू ठेवून मगच सूर लावा आणि मध्यंतरात पुन्हा तपासा.

बहुतेक लहान पेट्यांना बाहेर पडायला एकच जॅक असतो, त्यामुळे किक आणि हॅट मिक्सरवर वेगळे करता येत नाहीत. यावर उपाय पॅटर्नमध्येच करावा लागतो. किक पडते त्या स्टेपवर बेसचा स्वर ठेवू नका, पुढच्या स्टेपवर ढकला. किकचा डिके (आवाज विरायला लागणारा वेळ) कमी करा. मिक्सरवर लो-कट (अगदी खालचे आवाज कापणारं बटण) असेल तर तो लावा.

चतुर्थीच्या आरतीत घुमट आणि शामेळ ही गोव्याची तालवाद्यं वाजत असतील तर किक पूर्ण बंद ठेवा. घुमटाचा घुमारा नेमका तीच जागा भरतो आणि त्यावर दुसरं काही चढवणं बरोबर नाही. आरतीची लय चढत जाते. टॅप टेम्पो (बटणावर ठोके देऊन लय लावायची सोय) नसेल तर एकाचा हात सतत टेम्पोच्या नॉबवर हवा.

दोन पेट्या जोडणं

सिंकच्या (दोन पेट्यांची लय जुळवणाऱ्या) ३.५ मिमी केबलमधून फक्त ठोके जातात, ‘सुरू’ आणि ‘थांब’ जात नाही. म्हणून क्रम पाळा: बेस थांबवून पहिल्या स्टेपवर आणा, त्याचं प्ले दाबा (तो ठोक्याची वाट पाहील), आणि शेवटी ड्रम सुरू करा. व्होल्का मालिका दोन स्टेपना एक ठोका पाठवते, जुनं डिन सिंक (पाच पिनांच्या गोल प्लगचं) बीटला २४ ठोके पाठवतं. बेस अर्ध्या किंवा दुप्पट लयीत पळाला की केबलला दोष न देता सेटिंगमधला हा आकडा पाहा.

मिडी (वाद्यांनी एकमेकांना सूचना पाठवायची भाषा) ३.५ मिमी जॅकमधून जात असेल तर टाइप ए की बी ते बघा. २०१८ मध्ये टाइप ए प्रमाण ठरला: टिपवर (जॅकच्या टोकावर) डिनची ५ क्रमांकाची पिन, रिंगवर (त्यामागच्या पट्टीवर) ४. बीमध्ये उलट. चुकीच्या केबलने पेटी बिघडत नाही, फक्त काहीच वाजत नाही.

वीज आणि हवा

गिटार पेडलच्या ९ व्होल्टच्या अडॅप्टरची मधली पिन ऋण असते, व्होल्काला धन लागते. मल्टिमीटरचा लाल टोक मध्ये, काळा बाहेर लावा. आकड्याआधी उणे दिसलं तर तो अडॅप्टर दूर ठेवा. एकाच पॉवर बँकवर दोन पेट्या चालवून त्या एकाच मिक्सरला लावल्या की बारीक शीळ ऐकू येते. एक पेटी सेलवर चालवली की ती थांबते. पेटी फारच कमी करंट ओढत असेल तर काही पॉवर बँक स्वतःहून बंद पडतात. कार्यक्रमाआधी अर्धा तास चालवून खात्री करा.

जूनपासून चतुर्थीपर्यंत पेटी वापरात नसेल तर सेल काढून ठेवा. अल्कलाइन सेल फुटून स्प्रिंगवर पांढरी पूड धरली तर कापसाच्या काडीवर थोडा व्हिनेगर घेऊन पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवा आणि पूर्ण वाळू द्या. नॉब फिरवताना खरखर आली तर पेटी बंद करून कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक छोटा फवारा द्या आणि नॉब वीसेक वेळा टोकापासून टोकापर्यंत फिरवा. झाकणाच्या डब्यात सिलिका जेल ठेवा, रंग पालटला की ते तापवून वाळवा किंवा बदला. किनाऱ्यावर वाजवायचं असेल तर वाळू आणि खारा वारा नॉबच्या फटीतून आत जातो, तेव्हा वापर नसताना पेटी झाकलेली हवी.

कंपनीला कळवताना

मागण्यांचे दोन भाग करा. साखळी, स्विंग, प्रत्येक वाद्याला वेगळा ॲक्सेंट, ३२ स्टेप: हे बहुधा फर्मवेअरने (पेटीतल्या सॉफ्टवेअरने) होऊ शकतं. वेगळे आउटपुट, फूटस्विचचा जॅक: याला नवी पेटीच लागते, त्यामुळे ते पुढच्या मॉडेलसाठी म्हणून लिहा. एका पत्रात एकच मागणी ठेवा. फर्मवेअरचा क्रमांक, कोणती बटणं कोणत्या क्रमाने दाबली, काय झालं आणि काय व्हायला हवं होतं, एवढं द्या. ‘भारतीय ताल हवेत’ असं लिहिलं तर अभियंत्याच्या हाती काही लागत नाही. ‘१० स्टेपचे दोन पॅटर्न न थांबता एकामागून एक फिरावेत’ असं लिहा, आणि हाताने बटण दाबून वाजवलेल्या झपतालाची वीस सेकंदांची चित्रफीत सोबत जोडा.