देव गप्प बसलाय असं वाटलं तर काय करायचं

सोलापुरात आईने वळलेल्या हजार विड्यांतल्या शंभरेक मालकाने खराब म्हणून काढल्या, पैसे कापले, विड्या मात्र ठेवून घेतल्या. देवावर जाम चिडलो होतो.

आधी तो राग देवाला तसाच सांगा, गोड बोलायची गरज नाही, बायबलमधल्या हबक्कूक संदेष्ट्याने त्याच्या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात देवाला विचारलंय किती वेळ हाक मारू, आणि बायबलच्याच स्तोत्र 73 मध्ये ते रचणाऱ्या आसाफला दुष्टांची भरभराट बघून हेवा वाटला, पवित्रस्थानात गेल्यावर त्यांचा शेवट कळला.

सूड देवावर सोडा, बायबलमधल्या रोमकरांस पत्रात 12:19 ला तेच सांगितलंय. पण सोडणं म्हणजे गप्प बसणं नव्हे हां, लूकच्या शुभवर्तमानात, 18व्या अध्यायातली विधवा न्यायासाठी न्यायाधीशाच्या मागेच लागली होती. कामगार ऑफिसात अर्ज द्या, हिशोबाच्या वहीची झेरॉक्स जोडा, पोच घ्या. येशूलाही अन्यायानेच मारलं, तिसऱ्या दिवशी देवाने उठवलं, म्हणून शेवटचा निकाल मालकाचा नसतो असं मी मानतो, आणि आई आजही प्रार्थना करूनच विड्या वळायला सूप मांडीवर घेते.